सावडीची कातरण

लोकर आता कुणाला नको आहे. भोकरदनच्या बाजारात पोतं घेऊन बसलं, तर संध्याकाळी तेच पोतं पाठीवर घेऊन परत यावं लागतं. पण मेंढराला हे कोण सांगणार? त्याच्या अंगावर ती वाढतेच. फाल्गुनात ऊन चढलं की जनावर त्या लोकरीखाली उकडून निघतं, काखेत गोचिडी धरतात, चरायचं सोडून बाभळीच्या सावलीला धापा टाकत बसतं. मग विकली जावो न जावो, कातरावी लागते.

धावडा गावाच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला धनगरांची सात घरं आहेत. तिथं कातरण सावडीनं होते. आज एकाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुडात, सगळ्यांनी जायचं, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, फक्त जेवण. ज्याचा हात दुसऱ्याच्या मेंढरावर चालला, त्याच्याच मेंढरावर दुसऱ्यांचे हात चालतात. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, त्यामुळे तो मोडायची सोयही नाही.

या सात घरांत धुळाजीसारखा कातरणारा नव्हता. मेंढी दोन पायांत धरायची, कातर पोटाखालून घालायची आणि पाठीवरून उतरवताना सगळी लोकर एकसंध काढायची, असं त्याचं काम. मेंढीच्या कातडीला ओरखडा नाही. वय बावन्न. अंगानं शिडशिडीत, बोलायला कमी. बोलायचं काम त्याच्या वतीनं आसराबाई करायची. ती त्याची बायको. आज कोणत्या माळाला जायचं, कोणत्या शेतात मेंढरं बसवायची, पोराचं लग्न कुठं करायचं, सगळं ती ठरवायची आणि धुळाजी म्हणायचा, "बराबर." त्यावरून लोक त्याला हसायचे. तोही हसायचा.

दोन वर्षांपूर्वी मेंढरांमागं डोंगर चढताना त्याला दम लागायला लागला. चार पावलं टाकली की बसायचा. त्यांचा मुलगा रामप्रसाद जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता. त्यानं बापाला तिकडच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?"

धुळाजीला आठवेना. मग आठवलं. नऊ-दहा वर्षांचा असताना आधी गुडघे, मग मनगटं सुजली होती. आईनं रुईची पानं गरम करून बांधली. महिन्याभरात तो पुन्हा मेंढरांमागं पळायला लागला आणि घर ते दुखणं विसरून गेलं. दुखणं मात्र त्याला विसरलं नव्हतं. ते सांध्यातून काळजात उतरलं होतं आणि तिथली झडप चाळीस वर्षं कुरतडत बसलं होतं.

"ठोके ताल सोडून पडतायत," डॉक्टर म्हणाले. "असं झालं की काळजात रक्त साचून राहतं. साचलं की त्याची गुठळी होते. ती गुठळी निघून डोक्यात गेली तर अंग लुळं पडतं. म्हणून ही रक्त पातळ करायची गोळी. हिला एक दिवस सुट्टी नाही. कुठं लागलं, रक्त थांबेना, दात काढायचा असला, तरी मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

आसराबाईनं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तिला अक्षर येत नव्हतं, पण गोळी रंगावरून ओळखू यायची. रोज संध्याकाळी भाकरी झाली की धुळाजी तळहात पुढं करायचा आणि ती त्यावर अर्धी गुलाबी गोळी ठेवायची. दोन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

यंदा कातरण कारभारीच्या वाड्यापासून सुरू झाली. कारभारी म्हणजे धुळाजीचा थोरला चुलतभाऊ, सावडीत वयानं मोठा. पहिली मेंढी देवाची असते. पांढरीशुभ्र, बिरोबाला सोडलेली. तिची लोकर विकत नाहीत, देवळातल्या घोंगडीला जाते. ती धुळाजीनंच कातरायची, हे वीस वर्षांचं ठरलेलं.

धुळाजीनं मेंढी धरली, कातरीला कपाळ लावलं आणि मानेपासून सुरुवात केली. अर्धी पाठ झाली तेव्हा मेंढीनं लाथ झाडली. कातरीचं टोक डाव्या अंगठ्याच्या बुडाशी घुसलं. यात विशेष काही नव्हतं. कातरणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर असले वण असतात. बोट तोंडात धरायचं, थुंकायचं आणि पुढं कातरायचं.

पण धुळाजीचं रक्त थांबेना. हळद दाबली, ती वाहून गेली. चुना लावला. कारभारीनं लोकर जाळून तिची राख भरली. राखेतूनही लाल वर आलं. धडपा बांधला तो भिजला, आणि तोवर देवाच्या मेंढीच्या पांढऱ्या पाठीवर वीतभर लाल पसरलं होतं.

सगळ्यांच्या कातरी थांबल्या.

"धुळाजी, कातर ठेव," कारभारी म्हणाला.

"थांबंन आता, भाऊ."

"ठेव म्हणलं ना. देवाचं हाय ते. तू जाय, तिकडं बस."

तिकडं म्हणजे बायकांत. कातरलेल्या लोकरीतून गोखरू आणि कुसळं वेचायचं काम बायकांचं. धुळाजी उठला आणि हात छातीशी धरून त्यांच्यात जाऊन बसला. कारभारीची म्हातारी आई सोनूबाई, हिच्या तोंडाला कधी झाकण नव्हतंच. ती म्हणाली, "ये रे माझ्या बाया. बांगड्या भरते का हातात?"

सगळे खदखदून हसले. धुळाजीही हसला. आसराबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तो हसत होता आणि उजव्या हातानं कुसळं वेचत होता. वेचलेली कुसळं पुन्हा त्याच लोकरीत पडत होती, आणि ते त्याला दिसत नव्हतं.

देवाची मेंढी दुसऱ्या कुणीतरी पुरी केली. लाल लोकर खड्ड्यात पुरली.

त्या संध्याकाळी भाकरी झाल्यावर धुळाजीनं तळहात पुढं केला. अंगठ्याला अजून ओलं फडकं होतं. आसराबाई चुलीपाशीच बसून राहिली.

"गोळी," तो म्हणाला.

"आज न्हाई."

"काहून?"

"रक्त पातळ करती ना ती? मंग थांबंन कसं? थोडे दिस जाऊ द्या. पाचव्या दिशी आपला वाडा हाय. आपली कातरण झाली का सांजच्याला सुरू करू."

"डाक्टर म्हणला व्हता..."

"डाक्टरला काय माहीत कातरण काय असती ते? उंद्या तुम्ही बायांत बसले, तर आपल्या वाड्यावर ते येतीन ते कीव करून येतीन. चालंन तुम्हाला?"

धुळाजीनं थोडा वेळ हात तसाच ठेवला. मग मागं घेतला.

"बराबर," तो म्हणाला.

थोड्या वेळानं फोन वाजला. जालन्याहून सून रेणू रोज या वेळेला फोन करायची. चांगली पोरगी. "आत्याबाई, मामांनी गोळी घेतली का?"

"घेतली माय," आसराबाई म्हणाली. खोटं बोलताना तिला काही वाटलं नाही. चार दिवसांचा तर प्रश्न होता.

आणि तिचं गणित बरोबरही निघालं. दुसऱ्या दिवशी रक्त झिरपायचं थांबलं. तिसऱ्या दिवशी जखमेवर खपली धरली आणि धुळाजीनं कातर हातात घेतली. चौथ्या दिवशी त्यानं एकट्यानं तेवीस मेंढरांची लोकर उतरवली. कारभारीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "हां! आता कसं!" सोनूबाईला दुसरं गिऱ्हाईक मिळालं होतं. घरी येताना धुळाजी तोंडातल्या तोंडात गुणगुणत होता. कित्येक महिन्यांत आसराबाईनं त्याला असं पाहिलं नव्हतं. आपण शहाणपणाचं काम केलं असं तिला वाटलं, आणि तिनं ते मनात दोनतीनदा घोळवलं.

पाचवा दिवस त्यांच्या वाड्याचा. आसराबाईनं पहाटेच पुरण शिजायला टाकलं होतं. सहा घरची माणसं आली, कातरी दगडावर घासल्या, काम सुरू झालं. उन्हं जरा वर आली असतील. धुळाजी एका काळ्या मेंढीवर होता. अर्धी कातरून झाली आणि कातर त्याच्या हातून पडली.

त्यानं ती उचलली. पुन्हा पडली. तो आपल्या उजव्या हाताकडं बघायला लागला. दुसऱ्या कुणाचा हात आपल्या मांडीवर कुणी ठेवला असावा, तसा.

"काय रे, तंबाखू लागली का?" कुणीतरी म्हणालं. एकदोघं हसले.

धुळाजीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तोंड एका बाजूलाच उघडलं. आतून नुसता घोगरा आवाज आला. मेंढी सुटली. अर्ध्या अंगाची लोकर मागं फरफटवत ती वाड्यात पळत सुटली आणि बाकीची मेंढरं तिला बुजून कुडाला धडकायला लागली. धुळाजी बसल्या जागी उजवीकडं कलला.

"वारं गेलं अंगावरून," कारभारी ओरडला. सोनूबाई म्हणाली, "कबुतर आना कोणी. कबुतराचं रक्त चोळा."

आसराबाईच्या हातात पुरणाची पळी होती. तिला एका क्षणात सगळं कळलं. इतरांना जे कळायला आणखी चार तास लागणार होते ते तिला तिथंच, चुलीपुढं कळलं. "कबुतर चुलीत घाला!" ती किंचाळली. "गाडी बघा! जल्दी गाडी बघा!"

गाडी धावड्याहून आली. मागच्या बाकावर तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कारभारी पुढं बसून रामप्रसादला फोन लावत होता. सांजच्याला द्यायची म्हणून पदराला बांधलेली गोळी तिनं काढली. अर्धी गुलाबी. त्याच्या ओठांत सरकवली आणि म्हणाली, "गिळा. आवो, गिळा ना." गोळी तोंडाच्या लोंबत्या कडेतून लाळेबरोबर बाहेर आली आणि तिच्या लुगड्याला चिकटली. तिनं ती उचलून पुन्हा आत घातली. पुन्हा बाहेर आली. धुळाजी तिच्याकडं टक लावून बघत होता. डोळे त्याचेच होते, शुद्धीतले.

"राहू दे आसराबाई," कारभारी म्हणाला. "घशात अडकंन."

जालन्याला रामप्रसाद कारखान्याच्या कपड्यांवरच दवाखान्याच्या दारात उभा होता. रेणूही आली होती. धुळाजीला आत नेलं, डोक्याचा फोटो काढला. एक तरुण डॉक्टर घाईघाईनं बाहेर आला.

"कधी झालं?"

"सकाळी धाच्या आसपास," कारभारी म्हणाला.

"म्हणजे अजून वेळ आहे. डोक्यातली नस गुठळीनं बंद झालीये. काळजातून आली असणार. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते वेळेतच द्यावं लागतं. एक सांगा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? ती चालू असताना हे इंजेक्शन देणं धोक्याचं असतं. शेवटची कधी घेतली?"

रेणू म्हणाली, "रोज घेतात. मी रोज विचारते. हो ना, आत्याबाई?"

सगळे आसराबाईकडं बघायला लागले. पोरगा, सून, दीर, डॉक्टर. तिला एवढंच ऐकू आलं की गोळी चुकली का असं विचारतायत. चुकली म्हटलं तर हे सगळे चेहरे आत्ताच्या आत्ता बदलणार होते. गोळी चालू असणं चांगलं, बंद असणं वाईट, एवढंच तिला दोन वर्षं शिकवलेलं. आज ते उलटं झालंय हे तिच्या ध्यानात कसं यावं?

"काल सांजच्याला देल्ती," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

डॉक्टरचा चेहरा पडला. "मग आधी रक्त तपासावं लागेल," तो म्हणाला आणि आत गेला.

रक्त गेलं. वाट बघणं सुरू झालं. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून आसराबाईला काही कळत नव्हतं, पण रामप्रसाद घड्याळाकडं बघत होता आणि ती रामप्रसादकडं. कागद आला तेव्हा डॉक्टरनं तो दोनदा वाचला.

"यांचं रक्त बिलकुल पातळ नाहीये," तो म्हणाला. "चार-पाच दिवस गोळी पोटात गेलेलीच नाही. आधी कळलं असतं, तर आल्याबरोबर तयारी करून बसलो असतो. आता साडेचार तास उलटून गेले. आता ते इंजेक्शन फायद्यापेक्षा घातच करील."

"पण माय तर रोज देत व्हती," रामप्रसाद म्हणाला.

"हातात दिली असेल. पोटात गेली नाही."

रामप्रसादनं दारातून आत पाहिलं. पलंगावर बाप छताकडं बघत पडला होता. "थुंकला असंन," तो दात खाऊन म्हणाला. "तोंडात धरली असंन आन मायची पाठ फिरली का थुंकली असंन. गोळ्यांचा आधीपासून कंटाळाच व्हता त्याला."

आसराबाईनं तोंड उघडलं. तिथंच सांगायचं होतं. पण रेणूनं तिला जवळ घेतलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून म्हणाली, "तुम्ही नका रडू आत्याबाई. तुमचा काय दोष?" आणि ते तसंच राहून गेलं.

पुढचे दोन महिने गेले, त्याला गेले म्हणायचं असलं तर. धुळाजीला घरी आणलं. उजवा हात खांद्यापासून लोंबायचा. पाय थोडा ओढत टाकता यायचा, धरलं तर. बोलणं समूळ गेलं. ऐकू यायचं, कळायचं सगळं. भूक आहे का विचारलं की मान डोलवायचा, पाणी नको असलं की मान आडवी हलवायचा. होय आणि नाही तेवढं त्याचं शाबूत होतं आणि त्यात तो कधी चुकत नव्हता. आसराबाई त्याला धुवायची, पुसायची, भाकर दुधात कुस्करून भरवायची. डावीकडून घास घातला तर गिळायचा, उजवीकडून घातला तर गालात साठून राहायचा, मग बोट घालून काढावा लागायचा. रोज संध्याकाळी ती गोळी बारीक करून चमच्यातून द्यायची. त्या वेळी ती त्याच्या डोळ्यांत बघायची नाही.

रामप्रसाद सुट्टीच्या दिवशी यायचा. बापाची दाढी करायचा, तेल लावायचा, आणि हे सगळं करता करता तोंड चालू असायचं. "काय कमी केल्तं तुला? मह्यन्याला रजा टाकून तुला नेत व्हतो. एक गोळी गिळायची, तेवढंबी झालं न्हाई?" पोरगा वाईट नव्हता. रडायचा, आणि रडू लपवायला बोलायचा. धुळाजी ऐकून घ्यायचा. दुसरं करणार काय?

आसराबाई रोज ठरवायची, आज सांगायचं. रोज काहीतरी निघायचं.

वैशाखात मेंढरं विकली. त्यांच्यामागं फिरायला कुणी उरलं नव्हतं. परतूरकडचा व्यापारी टेम्पो घेऊन आला. धुळाजीला बाजेवर अंगणात बसवलं होतं. एकेक मेंढरू मागच्या पायांना धरून वर चढवत होते. मेंढरं बें बें करत धुळाजीकडं माना वळवत होती. त्यांना थांबवायला तो नेहमी एक आवाज काढायचा, जीभ टाळूला लावून. त्यानं तोंड हलवलं. ओठाच्या कडेतून लाळ आली. टेम्पो गेला.

वाड्यात नुसत्या लेंड्या आणि मुताचा वास राहिला. रामप्रसाद बाजेजवळ येऊन बसला. रिकाम्या कुडाकडं बघता बघता एकदम फुटला.

"बघ! झालं का समाधान? आज्याच्या आज्यापासून व्हती मेंढरं! तुझ्या एका हट्टापायी गेली! थुंकायच्या टायमाला काय वाटलं न्हाई तुला?"

"रामप्रसाद," आसराबाई म्हणाली.

"तू मधी बोलू नको माय."

"बोलूदे मला. त्यांनी न्हाई थुंकल्या. म्या बंद केल्त्या."

रामप्रसादनं वर पाहिलं.

"म्या," ती म्हणाली. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "अंगठ्याचं रक्त थांबंना. समद्यांनी त्यांना बायांत बसवलं. मला बघवंना. म्या म्हणलं, आपली कातरण व्हस्तोर गोळी बंद. त्यांनी हात पुढं केल्ता, म्याच देल्ली न्हाई. आन दवाखान्यात डाक्टरला खोटंबी म्याच बोलले. खरं बोलले असते तर इंजेक्शन देलं असतं त्यानं. त्यांचा हात म्या घालवला. त्यांचं तोंड म्या घालवलं. बोलायचं तर मला बोल."

रामप्रसादनं सुस्कारा टाकला.

"माय, जन्मभर तू याच्यावर पांघरूण घातलं," तो म्हणाला. "आता तरी नको घालू. कोणती बाई नवऱ्याची गोळी बंद करंन?"

"देवाशप्पत..."

"थांब. यालाच इचारतो." तो बापाकडं वळला, त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडं फिरवला. "बा. माय म्हणती तिनं गोळी बंद केल्ती. खरं हाय का? हां का न्हाई, तेवढं सांग."

धुळाजीनं पोराकडं पाहिलं नाही. त्यानं आसराबाईकडं पाहिलं. ती जमिनीवर बसून त्याच्याकडं हात जोडत होती. हो म्हणा, असं ती ओठांनीच म्हणत होती. इतकी वर्षं ती जे म्हणेल त्याला तो हो म्हणत आला होता.

त्यानं मान आडवी हलवली. नाही. मग आणखी एकदा, सावकाश, पोराला नीट दिसावं म्हणून.

"बघितलं?" रामप्रसाद म्हणाला. "त्याला सोताला कबूल हाय, आन तू..." पुढचं त्याला बोलवलं नाही. मग तो बापाला जे बोलला, ते पोरानं बापाला बोलू नये असं होतं. धुळाजी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"म्याच केल्ती रे," आसराबाई म्हणत होती. "म्याच." पण ते आता कुणाच्या कानावर जात नव्हतं. तिचं सगळं खरं मानणारा उभ्या जन्मात एकच माणूस तिला मिळाला होता, आणि त्यानंच तिला खोटं ठरवलं होतं.